लाल चिंधी नसलेला बोळा

कुठल्याही नव्या खोलीत शिरलो की मी आधी वर बघतो. झरोका आहे का, असला तर उघडा आहे का, कबुतरांनी त्यात काड्या तर भरल्या नाहीत ना. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, सगळीकडे. आंघोळ करताना कडी लावत नाही, दार वीतभर उघडं ठेवतो. घरी पाहुणे असले की यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. बायको म्हणते, ‘यांना वाटते, आपल्याले पाहायले कोणी टपून बसलं आहे.’ मी हसतो. कारण सांगण्यापेक्षा टिंगल परवडते.

निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात. आम्ही सहा जण डब्ब्यांना लागलो. डब्बा म्हणजे जीपच्या मागे जोडून न्यायची घरगाडी. इंग्रजीत त्याला चांगलं भारदस्त नाव आहे, पण आमच्या बायकांनी पहिल्याच दिवशी डब्बा म्हटलं आणि तेच चिकटलं. खाली वेल्डरकडून करून घेतलेला लोखंडी सांगाडा आणि दोन चाकं, वर प्लाय आणि अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, आत दोन माणसांपुरता पलंग, ओटा, आणि कपाटाएवढं बाथरूम. बिजागऱ्या, नळ, स्टीलचं बेसिन, सगळं नागपूरच्या इतवारी बाजारातून एकेक करत जमवलेलं. आमच्यातल्या एकाचा शहराच्या कडेला, बेस्याला, रिकामा प्लॉट होता, तिथे हे सहा डब्बे ओळीने उभे असत. चारी बाजूंनी फ्लॅट उठत गेले आणि गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायका आमच्याकडे सर्कस पाहावी तशा पाहत राहिल्या.

खरं सांगायचं तर वर्षातून दोन-तीनदाच आम्ही कुठे जायचो. बाकी सगळे रविवार देखभालीत. बेअरिंगला ग्रीस घाल, टायर एकाच जागी दबू नये म्हणून डब्बा हातभर पुढे ढकल, छताच्या सांध्यांवर डांबरासारखा काळा लेप दे. एकाने लेप द्यायचा आणि पाचांनी खाली उभं राहून चुका काढायच्या. मला आयुष्यात एवढं सुख कशात मिळालं नव्हतं. कचेरीत पस्तीस वर्षं कारकुनी केली, पण आपल्या हाताने काही घट्ट बसवलं आहे असं पहिल्यांदा तिथे वाटलं.

माझ्या शेजारचा डब्बा माझ्या मित्राचा. तो कुहीजवळच्या खेड्यातला. शाळेसाठी नागपूरला मामाकडे आला तेव्हापासून आम्ही एका बाकावरचे. पुढे तो मुलांना वर्कशॉप शिकवायचा. त्याने पत्र्यात कापलेल्या भोकातून बोट फिरवलं तर कुठे खरचटत नसे. मी कापलेल्या भोकाजवळ कोणी बोट नेत नसे. त्याची बायको, माझ्या वहिनी, डब्ब्याच्या पायरीवर मेथी निवडत बसायच्या आणि माझी कामं पाहून म्हणायच्या, ‘भाऊजी, स्क्रू उलटा फिरवून राहिले जी तुम्ही.’ बहुतेक वेळा तो उलटाच असायचा.

आमचा एक नियम होता. मृगाच्या आधीच्या रविवारी डब्बे पावसाळ्यासाठी बंद करायचे आणि दसऱ्याला उघडायचे. पण आपला डब्बा आपण बंद करायचा नाही. रोजच्या वस्तूवरून आपली नजर घसरते, म्हणून जोड्या ठरलेल्या: त्याचा मी बंद करायचा, माझा त्याने. ज्याने बंद केला त्यानेच उघडायचा. बंद करणं म्हणजे मुख्यतः भोकं बुजवणं. पाइप, झरोके, सांडपाण्याचं तोंड, जिथून उंदीर, पाली, गांधीलमाश्या शिरतील अशी प्रत्येक जागा कापडाच्या बोळ्याने बंद करायची. प्रत्येक बोळ्याला लाल चिंधी बांधलेली, बाहेर वीतभर लोंबणारी. आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचं, बोळे किती. दसऱ्याला मोजून काढायचे, आकडा जुळला की खडू पुसायचा, मग हार आणि नारळ. हा नियम माझ्या मित्राचाच. वर्कशॉपातला माणूस, त्याचा कशावरही एकदम विश्वास नसे.

त्या वर्षी मी त्याच्या डब्ब्याला सात बोळे बसवले, दारावर सात लिहिलं आणि चहा प्यायला बसलो. उठताना पाहिलं तर बाथरूमच्या बाहेरच्या झरोक्यापाशी एक गांधीलमाशी घिरट्या घालत होती. हा झरोका त्याने नवीनच पाडला होता, चार इंची, वर पत्र्याची छोटी टोपी. वहिनींचे गुडघे थंडीत आखडत, गरम पाण्याशिवाय आंघोळ व्हायची नाही, म्हणून त्याने त्या वर्षी बाथरूममध्ये गॅस गिझर बसवला होता. मुलीने फोनवर विरोध केला होता. एवढ्याशा जागेत गॅस नको, बाबा. तो म्हणाला होता, ‘माप घेऊन झरोका ठेवला आहे, वं. तुह्या बापाले तेवढं समजते.’

नवा झरोका, म्हणून माझ्या सवयीच्या सातांत तो नव्हता. मी टोपीखाली हात घातला आणि जुन्या गादीचा फोमचा तुकडा कोंबला. चिंध्या संपल्या होत्या. चहा झाला होता, घरी पाहुणे यायचे होते, दारावरचा सात पुसून आठ लिहायला पुन्हा चप्पल काढून आत जावं लागलं असतं. पुढच्या रविवारी लिहू म्हटलं. पुढच्या रविवारी पाऊस होता.

दसऱ्याला मी सात बोळे काढले. वहिनींनी मोठ्याने मोजले. दारावर सात होतं. आकडा जुळला याचा मला इतका आनंद झाला की मी स्वतःच ओल्या फडक्याने खडू पुसला आणि डब्ब्याला झेंडूचा हार घातला. आकडा जुळला नसता तर आम्ही शोधलं असतं. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं आहे, आणि सांगून काय होतं?

डिसेंबरात चार डब्बे घेऊन आम्ही कुहीकडे त्याच्या गावच्या तलावावर गेलो. धान कापून झालेलं, भाताच्या बांध्या मोकळ्या पडलेल्या, गारठा असा की सकाळी हात खिशातून काढवत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावात दूध आणायला गेला. मी माझ्या डब्ब्याखाली आडवा पडून जॅक नीट बसवत होतो. शेजारच्या डब्ब्यातून पाण्याचा आवाज येत होता. मग प्लास्टिकचा मग पडल्याचा आवाज आला. मी खालूनच ओरडलो, ‘वहिनी, तलाव रिकामा करता काय जी?’ उत्तर आलं नाही. चिडल्या असतील म्हणून मी आणखी एक टोमणा मारला, आणि स्वतःच हसलो. पाण्याचा आवाज चालूच होता.

तो दूध घेऊन आला, त्याने दोन हाका मारल्या, मग दार ठोठावलं, मग खांद्याने तोडलं.

त्यातलं पुढचं मला लिहिता येत नाही, आणि लिहावंसंही वाटत नाही. वहिनींना जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं. जाताना बाकीचे मला म्हणाले, तू इथे थांब, पोलीस येतील, कोणीतरी पाहिजे. मी एकटाच थांबलो. डब्ब्याच्या मागे गेलो, का गेलो माहीत नाही. बहुतेक माहीत होतं. टोपीखाली बोट घातलं आणि बोटाला फोम लागला. वाफेने ओला होता, अजून कोमट होता.

मी तो ओढून काढला. कोणी शिकवलेलं नव्हतं, विचारही केला नाही, चोराचा हात चालावा तसा हात चालला. तलावात फेकला. तो बुडेना. वाऱ्याने परत काठाला आला. पुन्हा फेकला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा तो दगडांपाशी येऊन थांबला तेव्हा मी तो उचलून खिशात घातला, आणि नागपूरला आल्यावर घरामागे जाळला. पँटच्या त्या खिशात ओलसर डाग राहिला. ती पँट मी कोणालाही दिली नाही आणि घातलीही नाही.

पोलिसांनी आपलं काम नीट केलं. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं: गॅस गिझर, बंद जागा, विषारी वायू कोंडून मृत्यू, झरोका एक, अपुरा. तो कागद मी माझ्या मित्राला वाचून दाखवला, कारण त्याचा चष्मा सापडत नव्हता. ‘अपुरा’ या शब्दावर त्याने मला थांबवलं. पुन्हा वाच म्हणाला. मी पुन्हा वाचला.

तेरवीच्या दिवशी सगळ्यांदेखत त्याची मुलगी म्हणाली, ‘तुम्ही मारलं माझ्या आईला. मी नको म्हटलं होतं. तुम्हाला तुमची कारागिरी दाखवायची होती.’ तो मान खाली घालून बसला होता. मी त्याच्या उजव्या हाताला बसलो होतो, माझ्या पानात बुंदी वाढलेली होती. ती त्यानंतर बापाशी बोलली नाही. एकुलती एक पोर, राहते बेस्यातच, प्लॉटपासून दहा मिनिटांवर. माझ्याशी मात्र तिने संबंध ठेवला. काका, दिवाळीला या. काका, काकूंची तब्येत कशी आहे. मी तिच्याकडे फराळ करून यायचो आणि रविवारी तिच्या बापाला सांगायचो, बरी आहे. तो म्हणायचा, ‘बरी राहो.’

डब्बा विकून टाक, असं त्याला सगळ्यांनी सांगितलं. त्याने विकला नाही. दर रविवारी यायचा, बाथरूमच्या मागे स्टूल टाकून बसायचा आणि कानस घेऊन तो झरोका मोठा करायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कडा साफ करतो आहे. पुढच्या रविवारी पुन्हा. टोपी त्याने काढून टाकली होती. चार इंचांचं भोक सहाचं झालं, मग आठचं. पत्रा कापायची कात्री त्याच्याकडे होती, यंत्रही होतं, पाच मिनिटांचं काम. पण तो कानसच वापरायचा. बाकीचे चौघं आपापल्या डब्ब्याला ग्रीस घालायचे आणि त्याच्याकडे पाहायचे नाहीत. त्याच्या टायरमध्ये हवा भरून ठेवायचे, छताला लेप द्यायचे, सगळं न विचारता. माणसाची दुरुस्ती आम्हाला जमत नव्हती, मग आम्ही चाकांची करायचो.

मी शेजारी. कानशीचा आवाज माझ्या डब्ब्यात सरळ यायचा. आणि तो आवाज दम घ्यायला थांबला की त्या थांबण्यात मला तो प्लास्टिकचा मग पडल्याचा आवाज यायचा. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, कधीच नव्हता. पण आतून कोणीतरी पाणी घेतं आहे, आता म्हणेल, भाऊजी, उलटा फिरवून राहिले जी, असं वाटून मी कितीदा तरी हातातलं काम सोडून उठलो आहे. पायरीवर बसायला आम्हाला कोणालाच जमलं नाही. एकदा एका पाहुण्याने तिथे बूड टेकलं तर पाचही जण एकदम ‘अहो, तिथे नको’ म्हणालो. त्याला वाटलं, रंग ओला आहे.

महिन्या-दोन महिन्यांनी तो मला हाक मारायचा. भोकातून हात आत-बाहेर करून दाखवायचा.

‘आता पुरंल का गा?’

‘पुरंल,’ मी म्हणायचो.

तो मान हलवायचा आणि पुन्हा घासायला लागायचा. अशी तीन वर्षं गेली. माझ्या एका वाक्याने ती कानस थांबली असती आणि ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. भीती कशाची होती? पोलिसांची नव्हती, इतक्या वर्षांनी कोण विचारतं. तो रविवारी यायचा बंद होईल याची होती. त्याचं सगळं गेलं माझ्यामुळे, आणि मला माझा मित्र जाऊ द्यायचा नव्हता. इतका हलकट माणूस मी आहे हे मला साठी उलटल्यावर कळलं.

या वर्षी त्याच्या मुलीला मुलगी झाली. बारशाचं आमंत्रण मला आलं, त्याला नाही. मला वाटलं होतं, त्याला कळणार नाही. पण बेसा मोठं असलं तरी वाण्याकडे सगळं कळतं. रविवारी मी प्लॉटवर पोचलो तेव्हा तो स्टुलावर होता. भोक आता जेवणाच्या ताटाएवढं झालं होतं. त्यातून आतला आरसा दिसत होता, वहिनींची साबणाची डबी दिसत होती.

‘बारशाले जाशीन ना?’ त्याने विचारलं.

‘हो.’

‘पोरगी कशी दिसते, पाहून सांगजो. कान पाहजो तिचे. आमच्याकडं सगळ्या बायांचे कान बारीक असतेत.’ एवढं बोलून त्याने कानशीवरचा चुरा फुंकला आणि सवयीने विचारलं, ‘पुरंल का गा आता?’

‘ते पहिल्यापासूनच पुरत होतं,’ मी म्हणालो.

मग मी सांगितलं. उभ्यानेच, त्याच्या पाठीकडे पाहत. फोम, संपलेल्या चिंध्या, दारावरचा सात. पंचनाम्याच्या आधी मीच तो काढला हेही. तलाव आणि जाळणं हेही. काही ठेवलं नाही. सांगताना माझा आवाज कापला नाही याची मला लाज वाटली. एखादी फाइल वाचून दाखवावी तसा मी बोलत होतो.

त्याने कानस खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही, भोकाकडे पाहत राहिला.

‘सुरुवातीले चार इंची होतं,’ तो म्हणाला.

‘चार.’

‘मंग बरोबर होतं माझं माप.’

असं म्हणून तो रडायला लागला. तीन वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, स्मशानातही नाही. मी पुढे झालो तर त्याने हाताने थांबवलं. बऱ्याच वेळाने चेहरा पुसला, त्या हाताला पत्र्याचा चुरा होता, तो गालावर चमकत राहिला.

‘मी रोज तिची माफी मागून राहिलो,’ तो म्हणाला. ‘रोज. का मायं माप चुकलं.’ मग म्हणाला, ‘तू काहून नाही सांगितलं ते मी नाही विचारत. तू भित्रा आहेस, मले शाळेपासून माहीत आहे. पण पोरीले सांग. आत्ताच्या आत्ता. चाल.’

माझ्या स्कूटरवर तो मागे बसला. दहा मिनिटांचा रस्ता. स्पीडब्रेकरवर त्याने माझ्या खांद्याचा आधार घेतला नाही, मागची कडी धरली. तिच्या बिल्डिंगच्या गेटपाशी उतरला आणि तिथेच थांबला. ‘मी वर येत नाही. तिनं मले बोलावलं नाही.’

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. बेल न वाजवता कडी वाजवली, तान्हं मूल झोपलेलं असेल म्हणून. तिने दार उघडलं, आनंदाने म्हणाली, ‘काका! या ना, बाळ आत्ताच झोपलं.’ मी आत गेलो नाही. दारातच सगळं सांगितलं. ती चौकटीला धरून ऐकत होती. तिचा चेहरा वहिनींसारखा आहे. ऐकताना भुवई वर जाते तीही तशीच.

माझं सांगून झाल्यावर तिने चौकटीवरचा हात काढला. मग हळू आवाजात म्हणाली, ‘तेरवीला मी बाबांना जे बोलले, तेव्हा तुम्ही बाजूलाच बसले होते.’

‘हो.’

‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’

जीभ रेटली नाही असं सांगता आलं असतं, धक्क्यात होतो असं सांगता आलं असतं. तिने कदाचित मानलंही असतं. इतक्या वर्षांत मी स्वतःला तेच सांगत आलो होतो.

‘सुटलो असं वाटलं,’ मी म्हणालो.

दारात एखादा अनोळखी माणूस उभा असावा तशी ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘बाबा कुठे आहेत?’

‘खाली. गेटपाशी. तू बोलावलं नाहीस म्हणून वर नाही आला.’

ती तशीच अनवाणी जिना उतरत गेली. लिफ्ट समोर उभी होती, पण तिला ती दिसली नसावी. मी जिन्याच्या खिडकीपाशी गेलो. वरून मला दोघंही दिसत होते. ती धावत येताना पाहून त्याला वाटलं, हाकलायला आली. तो घाईघाईने गेटच्या बाहेर सरकला, हात जोडल्यासारखे पुढे केले, आणि त्याचा आवाज मला तिसऱ्या मजल्यावर स्पष्ट ऐकू आला.

‘जातो, वं माय, जातो. नुसता उभा होतो.’

तिने त्याचे हात धरेपर्यंत तो मागे मागेच जात होता.